गाण्यातील शिवी आणि तिची जागा

इंदूरमध्ये मराठी श्रोत्यांसमोर विनोदी गाण्यांचे कार्यक्रम करणाऱ्या गायक-गायिकांना एक प्रश्न वारंवार पडतो आणि सुरुवातीची बरीच वर्षे तो मलाही पडत असे. गाण्यात एखादा शिवराळ किंवा ग्राम्य शब्द आला, तर तो ठेवावा की गाळावा? अनुभवाने मला असे वाटू लागले आहे की हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. ठुमरीतील मुरकी, म्हणजे स्वरांची छोटी चपळ हरकत, जशी नेमक्या जागी बसवावी लागते, तशी शिवीही बसवावी लागते. ती बसवलेली नसेल तर तिच्यातील विनोद निघून जातो आणि श्रोत्याच्या लक्षात फक्त गायकाचा असभ्यपणा राहतो. म्हणून ठेवणे किंवा गाळणे नंतर ठरवावे. तो शब्द कोणत्या मात्रेवर येणार, कोणाच्या तोंडून येणार आणि समोर बसलेल्यांपैकी कोणाला लागणार, हे आधी कागदावर लिहून काढावे. पुढील सर्व सूचना या एका कामासंबंधी आहेत.

आधीच्यांनी हे कसे केले

मराठी गायनपरंपरेने हे काम फार पूर्वी केलेले आहे आणि ते बारकाईने पाहिल्याशिवाय नवे काही लिहायला बसू नये. तमाशाचा जुना क्रम गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग असा आहे. गणात गणपतीचे स्तवन असते आणि तेथे एकही वावगा शब्द येत नाही. आडवेतिडवे बोलणे सुरू होते ते गौळणीत, आणि तेही मुख्य गायकाच्या नव्हे तर मावशीच्या आणि कृष्णाचा सवंगडी असलेल्या पेंद्याच्या तोंडून. मावशी हे पात्र पारंपरिक तमाशात पुरुषच उभे करतो. श्रोत्यांना समोर दिसणारी व्यक्ती आणि तिच्या तोंडचे बोलणे यांत अंतर आहे हे पहिल्या क्षणापासून ठाऊक असते, त्यामुळे तिचा फटकळपणा कोणी त्या नटाच्या अंगाला लावत नाही. पुढे वगात, म्हणजे तमाशातील कथानाट्यात, हेच काम सोंगाड्या करतो. म्हणजे शब्दाला प्रवेश कधी मिळणार आणि तो कोणाचा असणार, हे दोन्ही रचनेतच ठरलेले आहे.

संत एकनाथांनी सोळाव्या शतकात लिहिलेल्या भारुडांतही हीच रीत दिसते. रस्त्यावरचे, बाजारातले, भांडणातले बोलणे तेथे मोकळेपणाने येते, परंतु ते नेहमी एखाद्या सोंगाच्या तोंडी असते आणि सोंग उतरले की ते बोलणेही थांबते.

तिसरा धडा लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण (1933–2022) यांच्या गायनातून घेता येतो. त्या अंगभर पदर घेऊन, न नाचता, एका जागी उभ्या राहून गात असत. लावणीतील सारा खट्याळपणा शब्दफेकीत, स्वरावरच्या एखाद्या झटक्यात आणि ओळ तोडण्याच्या पद्धतीत असे. चावट ओळ गाताना हावभावही चावट केला, तर तीच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखे होते आणि श्रोत्याला स्वतः ओळखण्यासारखे काही उरत नाही, हे मला त्यांचे गाणे ऐकून समजले. माझ्या नव्या विद्यार्थ्यांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते: ओळ जितकी मोकळी, तितका चेहरा शांत ठेवावा.

आपण माळव्यात राहतो, त्यामुळे आणखी एक परंपरा आपल्या शेजारीच आहे. येथील लग्नांत वधूपक्षाकडील स्त्रिया वरपक्षाला उद्देशून गाली गातात. मराठी घरांतही विहिणीला चिमटे काढणारी गाणी आणि उखाणे आहेतच. इंदुरात मराठी आणि माळवी घरांचे सोयरसंबंध जुळतात तेव्हा या दोन्ही रीती एकाच मांडवात ऐकू येतात. या गाण्यांत शिवी देणारी बाजू आणि घेणारी बाजू दोघींनाही आपली भूमिका माहीत असते, शिवी नात्यातच राहते आणि पंगत उठली की विषय संपतो. मैफलीत आपल्याला मांडव मिळत नाही, त्यामुळे ही संमती आपल्याला स्वतः तयार करावी लागते. ती कशी करावी हे पुढे येईलच.

शब्दाची निवड

सर्व अपशब्द एका जातीचे नसतात. 'आयला', 'च्यायला', 'बोंबला' हे उद्गार आहेत आणि ते कोणाला उद्देशून नसतात. 'च्यायला' हे मुळात आईवरील शिवीचे झिजलेले रूप असले, तरी आता ते ऐकताना आई आठवत नाही, इतके ते गुळगुळीत झाले आहे. दुसरा गट शरीराच्या साध्या व्यवहारांचा आहे. पादणे, ढेकर, घोरणे, पोटाची गडबड हे त्यात येते. या गटावर माझा सर्वांत अधिक विश्वास आहे, कारण त्यातून कोणीही सुटलेले नाही आणि म्हणून कोणीही एकटे पडत नाही. 'पादऱ्याला पावट्याचे निमित्त' ही म्हण आपल्या आज्यांनी स्वयंपाकघरात निःसंकोच वापरलेली आहे, आणि ज्या गाण्यात ही म्हण चपखल बसते त्या गाण्याला वेगळ्या शिवीची गरज पडत नाही.

तिसरा गट आई-बहिणीवरून दिल्या जाणाऱ्या शिव्यांचा आहे आणि तो मी वापरत नाही. कारण केवळ सभ्यतेचे नाही, ते अर्थाचेही आहे. 'रांडेच्या' हा शब्द जुनी माणसे सहज वापरत असत. त्यातील 'रांड' संस्कृतातील 'रंडा' या शब्दापासून आला आहे आणि 'रंडा' म्हणजे विधवा. शिवी ज्याला दिली त्याला ती लागतच नाही, ती लागते त्याच्या विधवा आईला, जिचा त्या प्रसंगाशी काही संबंध नाही. मैफलीत समोरच्या रांगेत अशी एखादी आई बसलेली असतेच. जात, व्यंग, रंग आणि धर्म यांवरून येणाऱ्या शब्दांविषयी वेगळे सांगण्याची गरज पडू नये, परंतु जुन्या लोकगीतांच्या वह्यांमध्ये असे शब्द सापडतात आणि 'मूळ पाठ असाच आहे' असे म्हणून ते गायले जातात. मूळ पाठ अभ्यासासाठी तसाच जपून ठेवावा. मंचावर ते कडवे गाऊ नये.

इंदुरात यापुढची एक अडचण आहे, जी पुण्या-मुंबईच्या गायकांना सहसा जाणवत नाही. आपला श्रोता दोन भाषांत ऐकतो. होळकरांच्या काळापासून येथे राहिलेल्या मराठी कुटुंबांत आज निम्मे बोलणे हिंदीत चालते, सुना आणि जावई हिंदीभाषक असतात, मुले आईला 'आई' आणि मित्राला 'भिया' (भैया) म्हणतात. त्यामुळे मराठीत सौम्य असलेला शब्द हिंदी कानाला जड होऊ शकतो आणि याच्या उलटही घडते. मराठी शाळेत शिक्षिकेला आदराने 'बाई' म्हणतात. हिंदी ऐकणाऱ्याला तो शब्द घरकाम करणाऱ्या स्त्रीसाठी वाटतो.

याचा धडा मला एका कोजागिरीच्या कार्यक्रमात मिळाला. गच्चीवर दूध आटत होते, वातावरण घरगुती होते, आणि गाण्याच्या मध्येच पहिल्या रांगेतील एका तरुणाचा फोन वाजला. मी हसत हसत, आजीच्या सुरात, 'अरे मेल्या, बंद कर तो' असे ओळीतच गुंफले. मराठी श्रोते मनापासून हसले. तो तरुण मात्र एका मराठी घराचा हिंदीभाषक जावई होता. त्याने शेजारी बसलेल्या पत्नीला अर्थ विचारला आणि तिने सरळ भाषांतर करून 'मरा हुआ' असे सांगितले. त्याची आई त्याच्या पलीकडेच बसली होती. मुलाला भर सभेत मेलेला म्हटलेले तिने ऐकले आणि तिचा चेहरा उतरलेला मला मंचावरून दिसला. मध्यंतरात ते कुटुंब निघून गेले. 'मेल्या' या शब्दातील माया ज्याच्या आजीने त्याला तो शब्द वापरून जेवायला वाढले असेल त्यालाच कळते, ही गोष्ट मी त्या रात्रीपर्यंत लक्षात घेतलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन मी त्या माउलींची क्षमा मागितली. तेव्हापासून समोरच्या श्रोत्याला उद्देशून मी कोणताही अपशब्द वापरत नाही, तो कितीही लाडका असला तरी.

हीच दोन भाषांची रचना विनोदाला मात्र फार उपकारक आहे. 'शिक्षा' मराठीत दंड आणि हिंदीत शिक्षण, 'यातायात' मराठीत त्रास आणि हिंदीत रहदारी, 'चेष्टा' मराठीत थट्टा आणि हिंदीत प्रयत्न, आणि आम्हा गाणाऱ्यांसाठी सर्वांत उपयोगी म्हणजे 'राग', जो मराठीत गायलाही जातो आणि येतोही. 'गुरुजी म्हणती राग आळवा, मला तर नुसता राग येतो' एवढ्या ओळीवर इंदूरचा श्रोता दोन्ही भाषांत एकदम हसतो. राजवाड्यासमोरच्या रहदारीवर एखादे कडवे लिहायचे असेल, तर 'यातायात' हा एकच शब्द पुरेसा आहे. ज्यांना शिवीविषयी संकोच वाटतो त्यांनी अशा शब्दांपासून सुरुवात करावी. त्यातून विनोदाच्या वेळेचा सराव होतो आणि चुकले तरी कोणी दुखावत नाही.

ताल आणि रिकामी जागा

आता प्रत्यक्ष गायनाकडे येते, कारण बहुतेक चुका येथे होतात. नवीन गायक शिवी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणतात आणि ती जोर देऊन गातात. समेवर ढोलकीची थाप असते, हार्मोनियमचा भरणा असतो, आणि त्यात शब्द दबतो. तो ऐकू यावा म्हणून गायक ओरडतो. ओरडलेला शब्द सुरातून सुटतो आणि श्रोत्याला तो गाण्याचा भाग वाटेनासा होतो. तो गायकाने दिलेली शिवी वाटू लागतो. म्हणून अपशब्द नेहमी सुरात, शेजारच्या शब्दांपेक्षा किंचित हळू आणि पूर्ण स्पष्ट उच्चारावा.

याहून चांगली पद्धत म्हणजे तो शब्द उच्चारूच नये. श्रोत्यांना तो ऐकू आल्यासारखे वाटले पाहिजे. माझ्या एका गाण्यातील कडवे उदाहरण म्हणून देते, कारण त्यावर मी बरेच काम केले आहे. सराफा म्हणजे इंदूरची रात्रीची खाऊगल्ली आणि गराडू हा तेथे तळून मिळणारा कंद.

सराफ्यात काका रातभर हिंडले,
गराडू चापले, भुट्टेही हादडले,
पहाटे हास्यक्लबात पोट हे वाजले,
काका हो मोठ्याने — हासले!

चाल केरव्यात आहे, म्हणजे आठ मात्रांचे आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा). चौथ्या ओळीतील 'मोठ्याने' आठव्या मात्रेवर संपते. समेवर मी काही गात नाही, ढोलकीवाले दादा तेथे एकच घुमारेदार थाप देतात आणि हातही आवरतात. संपूर्ण एक आवर्तन रिकामे जाते. पहिल्या तीन ओळींच्या शेवटी 'ले' ऐकलेले असते, पोट वाजलेले असते, त्यामुळे समोर बसलेल्या प्रत्येकाच्या मनात यमक आपोआप पुरे होते आणि मनातल्या मनात प्रत्येकाने 'पादले' म्हटलेले असते. पुढच्या समेवर मी शांतपणे 'हासले' गाते. हसू दोनदा येते, एकदा रिकाम्या जागेत आणि एकदा शब्दावर.

या युक्तीतील महत्त्वाची गोष्ट मात्रांची आहे. 'पादले' हा शब्द गुरु, लघु, गुरु अशा साच्याचा आहे. प्रथम मी तेथे 'हसू लागले' घातले होते आणि हसू अर्धेच येत असे. मला वाटले विनोदच फिका आहे. पुष्कळ दिवसांनी लक्षात आले की श्रोत्याच्या मनात तीन अक्षरांचा शब्द तयार असतो आणि मी पाच अक्षरांचा देते, त्यामुळे तो आधीच्या शब्दावर चपखल बसत नाही. 'हसले' केले तर पहिले अक्षर लघु राहते आणि शब्द एका मात्रेने आखूड पडतो. जुन्या काव्यातील 'हासले' हे रूप घेतल्यावर दोन्ही शब्द एकमेकांवर बरोबर बसले आणि त्या दिवसापासून ती ओळ कधीही वाया गेली नाही. बदली शब्द निवडताना अर्थाआधी त्याचे लघुगुरु पाहावेत, हा माझा आग्रह यातून आला आहे.

रिकाम्या आवर्तनात गायकाने काय करावे, हेही ठरलेले असावे. डोळे मोठे करू नयेत, तोंडावर हात नेऊ नये आणि साथीदारांकडे पाहून हसू तर मुळीच नये. मी तानपुऱ्याच्या षड्जाकडे कान देऊन उभी राहते, कारण पुढचा स्वर अचूक लागणे आवश्यक असते. विनोदी गाण्यात सूर थोडा सुटला तरी चालतो असा समज आहे. माझे मत नेमके उलट आहे. श्रोत्याने गायकावर ठेवलेला विश्वास सुरावर उभा असतो आणि तो असेपर्यंतच श्रोता मोकळ्या शब्दाला हसतो.

साथीदारांबरोबर या जागांची स्वतंत्र तालीम करावी. हसू किती वेळ टिकेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून ठेका चालू ठेवण्याची आणि पुढची ओळ केव्हा उचलायची याची खूण ठरवावी. आमच्याकडे मी उजव्या हाताची मूठ मिटली की दादा उठाण, म्हणजे समेकडे नेणारा जोरकस तुकडा, घेतात. हसू ओसरू लागते तेव्हा, पूर्ण थांबण्यापूर्वी, पुढची ओळ उचलावी. ते थांबेपर्यंत वाट पाहिली तर सभा गार पडते, आणि फार लवकर उचलली तर पुढील ओळीतील शब्द कोणालाच ऐकू येत नाहीत.

ध्वनियंत्रणेविषयी थोडक्यात सांगते. मराठीतील बरेच कणखर शब्द प, फ, ब, भ यांनी सुरू होतात आणि या व्यंजनांचा वारा माईकवर आदळून फट् असा आवाज होतो. माईक ओठांच्या अगदी समोर न धरता थोडा तिरका आणि चार बोटे अंतरावर धरावा. ध्वनियंत्रण सांभाळणाऱ्यांना अशा ओळींवर एको पूर्ण काढायला सांगावे. एको असेल तर तोच शब्द सभागृहात तीनदा फिरतो, आणि एकदा गोड वाटलेला शब्द तिसऱ्यांदा नकोसा होतो.

कोणावर हसायचे

विनोदाचे लक्ष्य निवडताना मी स्वतःपासून सुरुवात करते, त्यानंतर मंचावरचे साथीदार आणि त्यानंतर आपण सर्वजण ज्याच्यापुढे हतबल आहोत अशा गोष्टी, म्हणजे खड्डे, रांगा, पाणीपुरवठ्याची वेळ, लग्नातले भाषण. साथीदारांवर ओळ असेल तर ती त्यांना आधी ऐकवावी, त्यांची संमती घ्यावी आणि त्यांना उत्तर देण्याची जागाही द्यावी. सवाल-जवाबाच्या पद्धतीने ढोलकीने गायिकेला दिलेले उत्तर बहुधा मूळ ओळीपेक्षा अधिक रंगते. श्रोत्यांपैकी एकाला निवडून त्याच्या शरीरावर, कपड्यांवर किंवा उशिरा येण्यावर बोलणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग पडणारा विनोद आहे. त्याला उत्तर देण्यासाठी माईक नसतो.

'काका' हे पात्र मी मुद्दाम घेतले. नाव नसलेला, सर्वांच्या घरात असलेला, खाण्यावर प्रेम करणारा काका कोणा एकाचा अपमान करत नाही. याच कडव्यात आरंभी काका देवघरात आरती म्हणत होते. तालमीला बसलेल्या माझ्या मामेसासूबाईंनी 'बाकी सगळे छान, पण तेथून काकांना उठव' एवढेच सांगितले. त्यांचे म्हणणे मला पटले, कारण विनोद पोटाचा होता, देवाचा नव्हता, आणि हास्यक्लबात गेल्यावर 'हासले' या शब्दाला नैसर्गिक आधारही मिळाला.

प्रत्येक नवे गाणे मंचावर नेण्यापूर्वी तीन माणसांना ऐकवावे: सत्तरीपुढील एखाद्या आजींना, हिंदीच अधिक बोलणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याला, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला. तिघांनीही हसावे असा आग्रह नाही. तिघांपैकी कोणी ऐकताना दुसऱ्याकडे अवघडून पाहिले, तर ती ओळ परत लिहावी.

कार्यक्रमाची आखणी

मांडवातली संमती मैफलीत तयार करावी लागते असे वर म्हटले. त्याची सुरुवात निमंत्रणपत्रिकेपासून होते. 'या कार्यक्रमातील काही विनोदी गाण्यांत ग्राम्य शब्द आहेत' हे वाक्य पत्रिकेवर आणि व्हॉट्सअॅपवरील निरोपात सरळ लिहावे, आणि आरंभी मंचावरूनही एकदा सांगावे. त्यामुळे ज्यांना नको असेल ते लहान मुलांना आणत नाहीत, आणि जे येतात ते मोकळेपणाने ऐकण्याच्या तयारीने येतात.

प्रसंगही पाहावा. माळव्यात धुळवडीपेक्षा रंगपंचमीचा उत्साह मोठा असतो. फाल्गुन वद्य पंचमीला इंदुरात गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते, राजवाड्याच्या परिसरात रंगाचा पाऊस पडतो, आणि त्या दिवसांत साऱ्या शहराने एकमेकांची थट्टा सहन करायची असते हा अलिखित करार असतो. शिमग्याच्या सुमारास केलेल्या कार्यक्रमात जो शब्द सहज खपतो, तोच गणेशोत्सवाच्या मंडपात किंवा रामनवमीच्या आसपास खटकतो. जागेचाही फरक पडतो. रवींद्र नाट्यगृहासारख्या अंधाऱ्या, ओळीने बसलेल्या सभागृहात माणूस अनोळखी शेजाऱ्यामुळे थोडा आवरून हसतो; कॉलनीच्या गच्चीवर सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे तेथे हसू लवकर येते आणि रुसवाही लवकर येतो.

दोन तासांच्या कार्यक्रमात पहिली वीस-पंचवीस मिनिटे मी एकही मोकळी ओळ घेत नाही. एक पद, एक भावगीत किंवा नाट्यगीत मनापासून गाते. गण आधी आणि गौळण नंतर, हा क्रम तमाशाने विचार करूनच ठेवला असणार. एकूण कार्यक्रमात अशा जागा पाच-सहापेक्षा अधिक नसाव्यात असे माझे मत आहे. सातव्या-आठव्या वेळी श्रोता शब्दाची वाट पाहू लागतो आणि गाणे ऐकायचे सोडून देतो.

कायद्याची माहितीही प्रत्येक गायकाला असावी. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली असून तिच्या कलम 296 नुसार सार्वजनिक ठिकाणी किंवा त्याजवळ इतरांना उपद्रव होईल अशा रीतीने अश्लील गाणे गाणे किंवा अश्लील शब्द उच्चारणे हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पूर्वीच्या दंड संहितेत हेच कलम 294 होते. प्रत्येक शिवी अश्लील ठरत नाही. मार्च 2024 मध्ये एका वेब मालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे असे स्पष्ट केले आहे. परंतु त्याच न्यायालयाने 2015 मध्ये एका मराठी कवितेच्या प्रकरणात, महात्मा गांधींसारख्या आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घालण्याची मोकळीक कवीला नाही, असेही म्हटले. थोर पुरुषांना विनोदी गाण्यातले पात्र करू नये, हे त्यामुळे कायद्यानेही शहाणपणाचे आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला लोकांसमोर जातीच्या नावाने शिवी देणे 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री 10 नंतर ध्वनिवर्धक बंद ठेवावा लागतो, हेही आखणी करताना धरावे. मोकळी गाणी शेवटी ठेवली आणि वेळ संपली, असे होऊ नये.

चुकल्यास

प्रत्येक मोकळ्या ओळीची एक बदली ओळ पाठ असावी, त्याच मात्रांची आणि त्याच यमकाची, परंतु पूर्ण घरगुती. मंचावर गेल्यावर पहिल्या रांगेत लहान मुले दिसली, किंवा आयोजकांपैकी कोणाच्या घरी नुकतेच काही दुःख घडल्याचे कळले, तर न थांबता ती ओळ घेता येते. हसू आले नाही तर शब्द पुन्हा मोठ्याने म्हणू नये आणि त्याचा अर्थही समजावू नये. त्याच लयीत पुढे जावे. कोणी दुखावल्याचे दिसले, तर हार्मोनियमला चार आवर्तनांचा तुकडा वाजवण्याची खूण करावी आणि त्या वेळात 'तो शब्द माझा होता, मी तो मागे घेते' असे साध्या शब्दांत म्हणावे. पात्राआड लपून तेथे बोलू नये.

आजची मोठी अडचण मोबाईलची आहे. 'शिमगा सरला, कवित्व उरले' ही म्हण पूर्वी लोकांच्या कुजबुजीविषयी होती. आता वीस सेकंदांची चित्रफीत उरते. तिच्यात आधीची वीस मिनिटे नसतात, पत्रिकेवरचे वाक्य नसते आणि पात्रही ओळखू येत नाही. यासाठी मी दोन गोष्टी करते. मोकळ्या गाण्यांच्या वेळी चित्रीकरण करू नये अशी विनंती आरंभीच करते, आणि पात्राची एखादी खूण, म्हणजे खांद्यावर टाकलेला पंचा किंवा आजीचा चष्मा, गाणे संपेपर्यंत अंगावरून काढत नाही. तुकडा कोठूनही कापला तरी हे सोंग आहे एवढे पाहणाऱ्याला कळावे.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वही काढून प्रत्येक जागेपुढे टिपण करावे. हसू कोणत्या मात्रेवर आले, कोणत्या बाजूने आले, कोण हसले नाही. माझ्या वहीत काकांच्या ओळीपुढे बऱ्याच नोंदी आहेत. त्यांतील एक रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळची आहे. थाप पडली, आवर्तन रिकामे जाऊ लागले, आणि पाचव्या मात्रेवर, म्हणजे केरव्यातील 'खाली'च्या जागी, पहिल्या रांगेतील नऊवारीतल्या एका आजींनी हातातली काठी जमिनीवर आपटून तो शब्द स्वतःच खणखणीत आवाजात म्हटला. सभागृह इतके हसले की मला पुढची सम गाठता आली नाही. तेव्हापासून त्या ओळीत आम्ही एकाऐवजी दोन आवर्तने रिकामी सोडतो, आणि त्या 'खाली'च्या मात्रेवर दादा ढोलकीवरचा हात उचलून धरतात.